सिकलसेल : निद्रिस्त जनुकाला जागे करताना

रक्तातील एका रेणूत झालेली अतिसूक्ष्म चूक माणसाच्या साऱ्या आयुष्याचा ताबा कसा घेते, याचे सिकलसेल हे वैद्यकशास्त्रातील सर्वांत परिचित उदाहरण आहे. या आजारामागची नेमकी चूक शास्त्रज्ञांना १९५७ पासून ठाऊक आहे. इतक्या स्पष्टपणे उलगडलेले आनुवंशिक आजार त्या काळी दुसरे नव्हते. तरीही रुग्णाच्या स्वतःच्या जनुकांत बदल करून या आजाराला आवर घालणारा उपचार मान्य होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. आज तो उपचार उपलब्ध आहे, पण जगातील बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. हा उपाय कोणत्या वाटेने सापडला आणि तो रुग्णालयाच्या बंदिस्त खोलीतून खेड्यातील आरोग्य केंद्रापर्यंत आणण्यासाठी संशोधक आता काय करू पाहत आहेत, हे समजून घेण्यासारखे आहे. विदर्भ आणि सातपुड्याच्या परिसरातील हजारो कुटुंबांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे.

विळ्याच्या आकाराच्या पेशी

ग्रेनेडा या कॅरिबियन बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोत आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण १९०४ च्या अखेरीस तेथील एका रुग्णालयात दाखल झाला. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता तांबड्या पेशींमध्ये लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या दिसणाऱ्या काही पेशी आढळल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली आणि या आजाराचा आधुनिक वैद्यकात प्रवेश झाला. आजार अर्थातच नवा नव्हता. आफ्रिकेत आणि भारतात तो शतकानुशतके होता. त्याला नाव तेवढे नव्हते.

तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन हे प्रथिन फुफ्फुसांतून प्राणवायू घेऊन शरीरभर पोहोचवते. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्यांच्या प्रत्येकी दोन प्रती असतात. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते, असे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. आजाराचे मूळ एखाद्या रेणूच्या घडणीत असू शकते, हा विचार त्या प्रयोगाने रुजवला. पुढे केंब्रिज येथे व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका दोष शोधला. बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते, एवढाच तो फरक. जनुकाच्या भाषेत सांगायचे, तर एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर पडलेले असते.

या क्षुल्लक भासणाऱ्या बदलाचे परिणाम मात्र भीषण असतात. प्राणवायू सोडून दिल्यावर हे सदोष रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ धागे तयार करतात आणि मऊ, गोल पेशी विळ्यासारखी कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि हाडांत, पाठीत, छातीत असह्य वेदनांचा झटका येतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकल पेशी अवघ्या १० ते २० दिवसांत नष्ट होते. त्यामुळे कायमचा रक्तक्षय, कावीळ, थकवा पाठीशी लागतो. प्लीहा बालपणीच निकामी होत असल्याने जंतुसंसर्ग बळावतो. काहींना लहान वयात पक्षाघात होतो, तर काहींच्या खुब्याचे हाड झिजते.

आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यासच हा आजार होतो. एकाकडूनच आल्यास ती व्यक्ती वाहक ठरते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. असे घातक जनुक पिढ्यानपिढ्या टिकून का राहिले, याचे उत्तर अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले : वाहकांना हिवतापाच्या जीवघेण्या स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणूनच जेथे हिवतापाचे ठाण होते, तेथेच हा आजार प्रामुख्याने आढळतो. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा परिसर आणि भारताचा मध्यवर्ती पट्टा ही त्याची मुख्य ठिकाणे. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारकडील आदिवासी समाजांबरोबरच विदर्भातील अनुसूचित जाती व अन्य समाजांतही तो आढळतो.

एका बालरोगतज्ज्ञाचे निरीक्षण

कारण कळले, पण ते दूर करण्याचे साधन हाती नव्हते. एवढ्या वर्षांत जे उपाय रूढ झाले, ते मुख्यतः परिणामांशी झुंजणारे होते. सिकलसेल असलेल्या बालकांना नियमित पेनिसिलिन दिल्यास जीवघेणे जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९८६ मधील एका अमेरिकी चाचणीने सिद्ध केले. या स्वस्त गोळीने असंख्य मुलांचे प्राण वाचवले. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार पूर्ण बरा होऊ शकतो, हेही त्याच दशकात दिसून आले. परंतु त्यासाठी तंतोतंत जुळणारा दाता लागतो. सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारात एक, आणि ते भावंड स्वतः रुग्ण नसावे लागते.

खऱ्या उपायाचा धागा मात्र त्याआधी फार वर्षे एका साध्या निरीक्षणातून हाती आला होता. न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या असे लक्षात आले, की सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळांना पहिले काही महिने त्रासच होत नाही. त्यांनी १९४८ मध्ये याचे कारण सुचवले. गर्भात असताना बाळाच्या रक्तात निराळे हिमोग्लोबिन असते. आईच्या रक्तातून प्राणवायू खेचून घेण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे उत्पादन घटते आणि प्रौढ हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. गर्भ हिमोग्लोबिनच्या घडणीत सदोष बीटा साखळी नसतेच. उलट ते सिकल रेणूंचे धागे होऊ देत नाही. बाळ सुरक्षित राहते ते त्यामुळे.

या तर्काला निसर्गानेच दुजोरा दिला. काही मोजक्या व्यक्तींमध्ये गर्भ हिमोग्लोबिनचे उत्पादन जन्मानंतरही चालूच राहते. अशा व्यक्तींना सिकलसेलचे जनुक मिळाले, तरी आजार अतिशय सौम्य असतो. सौदी अरेबियाचा पूर्व भाग आणि भारत येथील रुग्णांमध्ये आढळणाऱ्या सिकल जनुकाच्या प्रकारासोबत गर्भ हिमोग्लोबिनचे प्रमाण बरेचदा जास्त असते. अर्थात, म्हणून भारतातील आजार सरसकट सौम्य असतो, असे मात्र नाही. विदर्भातील अनेक मुले तीव्र झटक्यांनी वारंवार रुग्णालयात दाखल होतात.

गर्भ हिमोग्लोबिन वाढवणारे पहिले प्रभावी औषध हायड्रॉक्सियुरिया ठरले. मुळात कर्करोगासाठी वापरले जाणारे हे औषध वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी करते, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. अमेरिकेत १९९८ मध्ये त्यास मान्यता मिळाली. आजही ते या आजारावरील मुख्य औषध आहे. पण ते सर्वांना सारखे लागू पडत नाही, आणि रोज, आयुष्यभर घ्यावे लागते.

बटण सापडले

जन्मानंतर गर्भ हिमोग्लोबिनचे जनुक नष्ट होत नाही. ते पेशीत तसेच शाबूत असते, फक्त निद्रिस्त होते. मग त्याला झोपवते कोण? हा प्रश्न अनेक दशके अनुत्तरित राहिला. माणसाच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा हाती आल्यानंतर त्याचे उत्तर मिळाले. गर्भ हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी-अधिक असलेल्या असंख्य लोकांच्या जनुकांची तुलना करण्यात आली. इटलीतील सार्डिनिया बेटावरील रहिवाशांचाही त्यात समावेश होता. या तुलनेतून संशयाची सुई बीसीएल११ए नावाच्या जनुकाकडे वळली. बोस्टन येथील स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवून दिले, की याच जनुकापासून बनणारे प्रथिन गर्भ हिमोग्लोबिनचे उत्पादन रोखून धरते. सिकलसेल असलेल्या उंदरांमध्ये हे जनुक बंद केले असता आजार आटोक्यात येतो, हे २०११ मध्ये सिद्ध झाले.

तरी एक अडचण होती. बीसीएल११ए शरीरातील अन्य पेशींनाही लागते. ते सर्वत्र बंद करणे धोक्याचे. संशोधकांना २०१३ मध्ये या जनुकाच्या आत एक छोटा नियंत्रक भाग सापडला. तो केवळ तांबड्या पेशींच्या घडणीतच कामाला येतो. एवढाच भाग निकामी केला, तर बाकी शरीराला धक्का न लावता रक्तापुरते बटण बंद होणार होते. आता हवी होती ती अचूक कात्री.

क्रिस्परची कात्री

ही कात्रीही त्याच सुमारास तयार झाली होती. जीवाणू विषाणूंपासून स्वतःचा बचाव कसा करतात, याच्या अभ्यासातून इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये क्रिस्पर तंत्र मांडले. जनुकाच्या हव्या त्या ठिकाणी नेमका छेद देणारे हे साधन. त्याबद्दल दोघींना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. व्हर्टेक्स आणि क्रिस्पर थेराप्युटिक्स या कंपन्यांनी हे तंत्र सिकलसेलसाठी वापरण्याचे ठरवले. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील व्हिक्टोरिया ग्रे यांच्यावर २०१९ मध्ये नॅशव्हिल येथे हा उपचार झाला. क्रिस्परच्या साह्याने सिकलसेलवर उपचार घेणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या रुग्ण.

या उपचारात सदोष अक्षर दुरुस्त केले जात नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत क्रिस्परने बीसीएल११ए मधील तो नियंत्रक भाग छेदला जातो. दरम्यान, केमोथेरपीच्या तीव्र औषधाने रुग्णाची अस्थिमज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी शिरेतून परत सोडतात. त्या अस्थिमज्जेत रुजल्या, की गर्भ हिमोग्लोबिन भरपूर असलेल्या तांबड्या पेशी तयार होऊ लागतात. सदोष जनुक जागच्या जागी राहते. त्याचा उपद्रव तेवढा थांबतो.

कॅसजेव्ही या नावाने हा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने १२ वर्षांवरील रुग्णांसाठी मान्य केला. क्रिस्परवर आधारित उपचाराला मिळालेली ही जगातील पहिली मान्यता. अमेरिकी मान्यतेच्या वेळी पुरेसा काळ देखरेखीखाली असलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने तीव्र वेदनांचा एकही झटका आला नव्हता. वर्षातून अनेकदा रुग्णालयाची पायरी चढणाऱ्यांसाठी ही स्थिती जवळजवळ अविश्वसनीय होती.

यशाची किंमत

मात्र या यशाला दोन मोठ्या मर्यादा आहेत. पहिली खर्चाची. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक ठरली, आणि त्यात रुग्णालयाचा खर्च धरलेला नाही. जगात दरवर्षी सुमारे ५ लाख बालके सिकलसेल घेऊन जन्माला येतात आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मतात. त्या देशांतील अनेक जिल्ह्यांत रक्तपेढीचीही वानवा आहे; तेथे हा उपचार पोहोचण्याची शक्यता सध्या नाही.

दुसरी मर्यादा उपचाराच्या स्वरूपातच आहे. अस्थिमज्जा रिकामी करणाऱ्या औषधामुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती काही आठवडे नाहीशी होते, केस गळतात, तोंडात व्रण पडतात आणि पुढे अपत्यप्राप्तीची क्षमता गमावण्याचा धोका असतो. तरुण रुग्ण या टप्प्यावर कचरतात, ते स्वाभाविकच. अशाच स्वरूपाच्या दुसऱ्या एका उपचाराच्या चाचणीत २०२४ मध्ये एका रुग्णाचा मृत्यू झाला. त्याचा संबंध जनुकीय बदलाशी नव्हे, तर या पूर्वतयारीच्या औषधाशी जोडला गेला.

या क्षेत्रातील वाटचाल एकूणच अडखळती राहिली आहे. विषाणूच्या साह्याने नवे जनुक पेशीत घालणाऱ्या उपचाराची चाचणी काही रुग्णांना रक्ताचा कर्करोग झाल्याने २०२१ मध्ये काही काळ थांबवावी लागली. पुढे तो उपचार मान्य झाला, पण कर्करोगाच्या ठळक इशाऱ्यासह. सदोष अक्षर थेट दुरुस्त करू पाहणारी एक चाचणी पहिल्याच रुग्णाच्या रक्तपेशी दीर्घकाळ कमी राहिल्याने २०२३ मध्ये थांबली. मोठ्या अपेक्षेने २०१९ मध्ये बाजारात आलेले व्हॉक्सेलोटर हे तोंडावाटे घ्यायचे औषध तर सुरक्षिततेच्या कारणास्तव सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. म्हणूनच नव्या उपचारांकडे आशेने पाहताना त्यांच्या दीर्घकालीन परिणामांवर १५ वर्षे लक्ष ठेवण्याची अट घातली जाते.

पुढच्या तीन वाटा

संशोधकांचे प्रयत्न आता मुख्यतः तीन दिशांनी सुरू आहेत. पहिली दिशा पूर्वतयारी सौम्य करण्याची. केमोथेरपीऐवजी केवळ अस्थिमज्जेतील मूळपेशींनाच लक्ष्य करणारी प्रतिपिंडे वापरून नव्या पेशींसाठी जागा करता येईल का, याची चाचपणी सुरू आहे. हे साधले, तर वंध्यत्वाची भीती आणि रुग्णालयातील दीर्घ मुक्काम या दोन्ही गोष्टी टळू शकतील.

दुसरी दिशा कात्रीपेक्षा नाजूक साधन वापरण्याची. हार्वर्ड येथील डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २०१६ पासून असे तंत्र विकसित केले, की ज्यात जनुकाचे दोन्ही धागे न तोडता एक अक्षर रासायनिक क्रियेने बदलता येते. सिकलसेलचे सदोष अक्षर या तंत्राने मूळ स्थितीत आणता येत नाही. परंतु व्हॅलिनऐवजी अ‍ॅलनिन आणता येते. असे हिमोग्लोबिन इंडोनेशियातील मकासर येथे निसर्गतःच आढळले होते आणि ते निरुपद्रवी आहे. उंदरांवरील २०२१ च्या प्रयोगात हा बदल यशस्वी ठरला. याच तंत्राने गर्भ हिमोग्लोबिनचे जनुक जागे करण्याच्या चाचण्या रुग्णांवरही सुरू झाल्या आहेत.

तिसरी दिशा सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे. पेशी बाहेर काढायच्याच नाहीत. बदल घडवणारे साहित्य इंजेक्शनद्वारे थेट शरीरात सोडायचे. करोनावरील काही लशींत वापरलेल्या मेदाच्या सूक्ष्म कणांत हे साहित्य भरून ते अस्थिमज्जेतील मूळपेशींपर्यंत पोहोचवता येते, असे २०२३ मध्ये फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी उंदरांवर दाखवले. अडचण अशी, की शिरेतून सोडलेले असे कण बहुतांशी यकृतात जाऊन बसतात. यकृताच्या आजारांत हीच गोष्ट सोयीची ठरते : २०२५ मध्ये फिलाडेल्फियातच एका तान्ह्या बाळाच्या दुर्मीळ यकृतविकारावर खास त्याच्यासाठी बनवलेला असा उपचार करण्यात आला. अस्थिमज्जेतील मूळपेशी मात्र संख्येने विरळ आणि खोल दडलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत नेमके पोहोचणे हाच या संशोधनाचा कळीचा मुद्दा आहे. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी २०१९ मध्ये २० कोटी डॉलरचा संयुक्त कार्यक्रम जाहीर केला, तो गरीब देशांत देता येईल असा जनुकीय उपचार घडवण्यासाठीच.

भारताची वाट

भारतातही या दिशेने काम झाले आहे. दिल्लीतील जिनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी परदेशी पेटंटच्या कात्रीवर अवलंबून न राहता दुसऱ्या जीवाणूपासून मिळालेले प्रथिन सुधारून स्वतःचे साधन तयार केले. सिकलसेलसाठीचा त्यावर आधारित उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर करण्यात आला. बिरसा मुंडा यांच्या स्मृत्यर्थ हे नाव देण्यात आले असून, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले आहे. परदेशी उपचाराच्या तुलनेत खर्च कित्येक पटींनी कमी ठेवणे हे त्यामागील उद्दिष्ट आहे. रुग्णांवरील चाचण्यांत त्याची सुरक्षितता आणि परिणामकारकता सिद्ध होणे, ही अर्थातच पुढची कसोटी.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या न राहू देणे, हे त्याचे ध्येय आहे. तपासणी, विवाहपूर्व समुपदेशन, गर्भजल परीक्षा, बालकांना पेनिसिलिन आणि लसी, नियमित हायड्रॉक्सियुरिया या गोष्टींत जनुकीय उपचाराचे नावीन्य नाही. पण आज एखाद्या गडचिरोलीच्या वा धडगावच्या मुलाचे आयुष्य वाढवण्याची ताकद याच गोष्टींत आहे. जनुकीय उपचार उद्या स्वस्त झाला, तरी तो कोणाला द्यायचा हे कळण्यासाठी आधी त्या मुलाचे निदान झालेले असावे लागेल आणि तोवर त्याचे मूत्रपिंड, मेंदू व सांधे शाबूत राहिलेले असावे लागतील.

तान्ह्या बाळाला त्रास का होत नाही, या १९४८ मधील साध्या प्रश्नापासून क्रिस्परच्या मान्यतेपर्यंत ७५ वर्षे गेली. निद्रिस्त जनुक जागे करता येते, हे आता सिद्ध झाले आहे. पुढचा टप्पा ते केमोथेरपीशिवाय, एका इंजेक्शनने आणि तालुक्याच्या रुग्णालयात करता येण्याचा आहे. तो साधेल तेव्हाच शिकागोत प्रथम नोंदला गेलेला हा आजार ज्यांच्या अंगणात शतकानुशतके नांदला, त्या लोकांपर्यंत या संशोधनाचे फळ पोहोचेल.